थेंबाच्या हिशेबानें वसलेलें नगर

वाळवंट म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें वाळूचे ढीग, उंटांची रांग आणि दूरवर चकाकणारें मृगजळ एवढेंच चित्र उभें राहतें. त्या चित्रांत नगर नसतें. असलेंच तर तें एखाद्या अद्भुत कथेंतलें. परंतु राजस्थानच्या पश्चिम टोंकाला, जोधपूरहून जवळजवळ २८० किलोमीटर पलीकडे, थरच्या वाळवंटांत एक खरेंखुरें नगर साडेआठशेंहून अधिक वर्षें अखंड नांदत आहे. त्याचें नांव जैसलमेर. ज्या जिल्ह्याचें तें मुख्य ठिकाण, त्याचें क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणें जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. आणि २०११ च्या खानेसुमारींत तेथें दर चौरस किलोमीटरामागें माणसें निघालीं अवघीं १७. वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस सेंटिमीटरांच्या आंतबाहेर. मुंबईंत आषाढांतील एखाद्या जोराच्या दिवशीं एवढा पाऊस चोवीस तासांत पडून जातो, आणि लोक छत्री मिटून कामाला लागतात. जैसलमेरास तेवढ्यावर वर्ष काढावें लागतें. आणि तो तरी दरसाल पडेलच असा नेम नाहीं. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि हिवाळ्यांतील रात्रीं हातपाय गारठतात.

येथें येणारा प्रवासी मावळत्या उन्हांत सोन्यासारखा दिसणारा किल्ला पाहतो, नक्षीदार हवेल्या पाहतो, गल्लींतून डुलत जाणारा उंट पाहतो आणि नवल करीत परत जातो. तीं नवलें खरींच आहेत. परंतु त्यांतील एकेकाचें मूळ शोधीत गेलें तर माणूस बहुधा एकाच ठिकाणीं येऊन पोहोंचतो, आणि तें ठिकाण म्हणजे पाणी. पाणी थोडें आहे ही गोष्ट कुरकुर न करतां मान्य करावी, आणि जें आहे त्याचा थेंबाथेंबानें हिशेब ठेवावा, या एका रीतीवर हें नगर उभें राहिलें. त्याचा इतिहास राजांच्या लढायांत जितका आहे, त्याहून अधिक या हिशेबांत आहे.

नगराची स्थापना ११५६ सालची मानतात. भाटी रजपुतांची राजधानी तत्पूर्वीं सुमारें सोळा किलोमीटरांवरील लोद्रवा येथें होती. लोद्रवा सपाटीवर वसलेलें, व्यापारानें संपन्न आणि म्हणूनच लुटारूंस सोपें. रावळ जैसलनें राजधानी हलविली ती त्रिकूट नांवाच्या, सुमारें ७५ मीटर उंचीच्या एका एकाकी टेकडीवर. टेकडी संरक्षणास उत्तम. परंतु वाळवंटांत केवळ संरक्षणावर राजधानी वसत नाहीं. येथें दंतकथा मदतीस धांवून येते. श्रीकृष्ण अर्जुनासह या टेकडीवर आले असतां त्यांनीं सुदर्शन चक्रानें खडक भेदून पाणी काढलें, आणि यदुवंशांतील एक पुरुष पुढें येथें राज्य करील असें भविष्य सांगितलें. तें ठिकाण टेकडीवर राहणाऱ्या एका साधूनें जैसलला दाखविलें, अशी ती कथा. गडावरील जैसलू विहीर ती हीच, असें लोक मानतात. भाटी राजे स्वतःस यदुवंशी म्हणवीत, तेव्हां कथेचा एक हेतु उघडच आहे. पण दुसरा अर्थहि तितकाच लक्षांत घेण्यासारखा आहे. राज्य करण्याचा अधिकार राजाला वंशानें मिळाला असेल. प्रजेच्या मनांत तो पक्का झाला विहिरीनें.

त्या टेकडीवर पिवळ्या वालुकाश्माचा जो किल्ला उभा राहिला, त्याला ९९ बुरूज आहेत. त्याच्या बांधणींत चुना फारच थोडा. एका दगडाची जीभ दुसऱ्याच्या खांचेंत बसवावी, जरूर तेथें लोखंडी आंकडा ठोकावा, आणि थर चढवीत जावें, अशी ही पद्धत. चुना मळावयास पाणी लागतें. जेथें पिण्याच्या पाण्याची मोजदाद, तेथें बांधकामाला तें कोठून आणावयाचें, असें त्याचें एक कारण सांगितलें जातें. घरांचीं छपरें लांकडी तुळयांवर चटया किंवा काटक्या पसरून त्यांवर मातीचा जाड थर दाबून केलेलीं. कोंकणांत असें छप्पर एका पावसाळ्यांत खालीं बसेल. येथें मात्र तें पिढ्यान् पिढ्या टिकतें, आणि उन्हाळ्यांत घर थंड ठेवतें. आणखी एक विशेष असा कीं भारतांतील बहुतेक किल्ले ओस पडले असतां या किल्ल्यांत अद्याप सुमारें तीन हजार माणसें राहतात. सकाळीं तेथें चुली पेटतात, मुलें शाळेला जातात, आणि शेंकडों वर्षांच्या जुन्या जोत्यांवर म्हाताऱ्या बायका धान्य निवडीत बसतात.

तटाखालीं आग्नेयेस गडीसर नांवाचें तळें आहे. चौदाव्या शतकांत रावळ घडसी यानें तें बांधविलें. विसाव्या शतकांत नळ येईपर्यंत सर्व नगराचें पिण्याचें पाणी मुख्यतः याच तळ्याचें. तळें खणण्याच्या कामीं राजा स्वतः उभा राहिला, त्याच कांठावर त्याचा घात झाला, आणि त्याच्या राणीनें काम पुरें करविलें, असें सांगतात. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर घड्यांची उतरंड घेऊन तळ्याकडे जाणाऱ्या स्त्रियांची रांग हें या नगराचें शतकानुशतकांचें नित्याचें दृश्य होतें. पिण्याच्या तळ्यांत कोणी अंग धुऊं नये, जनावर घालूं नये, ज्या जमिनीवरून पावसाचें पाणी वाहत येतें ती राखावी, आणि गाळ काढण्यास सर्वांनीं हात लावावा, अशी या मुलखांतील तळ्यांची जुनी शिस्त. अशा सामुदायिक श्रमदानास तिकडे ‘ल्हास’ म्हणतात. तिच्यांत मजुरी नसे. घाम सर्वांचा आणि पाणीहि सर्वांचें, एवढाच करार.

या तळ्याच्या वाटेवर एक देखणी कमान आहे. ती टिलों नांवाच्या एका गणिकेनें बांधविली असें सांगतात. गणिकेनें बांधलेल्या दारांतून राजाची मिरवणूक जावयाची कशी, आणि कुलस्त्रियांनीं त्याखालून पाणी आणावयाचें कसें, असा प्रश्न निघाला. कमान पाडण्याचा विचार ठरूं लागला. तेव्हां त्या चतुर बाईनें कमानीच्या माथ्यावर श्रीकृष्णाचें देऊळ बसविलें. देऊळ पाडण्याचें धैर्य कोणास होईना, आणि कमान राहिली. कथेचा तपशील कसाहि असो. ज्या समाजानें त्या स्त्रीला आपल्या पंक्तींत घेतलें नाहीं, त्याच समाजाच्या पाण्याच्या वाटेवर तिचें नांव मात्र कायमचें राहिलें. कीर्ति मिळविण्यास त्या नगरांत पाणवठ्याहून मोठी जागा नव्हती, हें तिनें ओळखलें होतें.

तळें नगराचें झालें. वाळूंतील वाड्यावस्त्यांचें काय? तेथील लोकांनीं पाण्याचे तीन प्रकार मानले आहेत. आकाशांतून पडून तळ्यांत किंवा टांक्यांत सांठतें तें ‘पालर’ पाणी. खोल विहिरींत लागतें तें ‘पाताळ’ पाणी, आणि तें बहुधा खारें. आणि या दोहोंच्या मधलें, वाळूंत मुरून ओलाव्याच्या रूपानें राहतें तें ‘रेजाणी’ पाणी. या तिसऱ्या प्रकाराची ओळख हीच या लोकांच्या बुद्धीची खरी साक्ष. कांहीं ठिकाणीं वाळूखालीं खडूसारख्या पांढऱ्या मातीचा, जिप्समचा, थर असतो. तो पावसाचा ओलावा खालीं खाऱ्या पाण्यापर्यंत जाऊं देत नाहीं. अशा जागीं माणूस जेमतेम बसून खणूं शकेल इतकी अरुंद ‘कुंई’ खोदतात. खणणारा आंत उतरला कीं उकाड्यानें घुसमटतो. म्हणून वरचे लोक मधून मधून मूठमूठ वाळू जोरानें खालीं फेंकतात, जेणेंकरून ताजी हवा आंत ढकलली जावी. फेंकलेल्या वाळूपासून आणि वर चढणाऱ्या डोलापासून बचाव व्हावा म्हणून खणणाऱ्याच्या डोक्यावर धातूचें भांडें उपडें घातलेलें असतें. भोंवतालची वाळू ढांसळूं नये म्हणून गवताच्या जाड दोराचीं वेटोळीं कडेनें बसवीत जातात. एवढा खटाटोप करून अशी कुंई दिवसभरांत देते दोन-तीन घडे पाणी. पण तें गोड असतें आणि उन्हाळ्यांतहि मिळतें. अनुपम मिश्र यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकांत या विद्येची मोठ्या आदरानें नोंद केली आहे.

ज्या भूमींत पिण्याच्या पाण्याची ही तऱ्हा, तेथें गहूं पिकतो असें सांगितलें तर कोणासहि थट्टा वाटेल. तरीहि तो पिकतो, आणि त्याचें श्रेय मुख्यतः पालीवाल ब्राह्मणांस दिलें जातें. हे लोक मूळचे मारवाडांतील पाली गांवचे. त्यांनीं जैसलमेरच्या आसमंतांत ‘खडीन’ नांवाची शेती वाढीस लावली. खडकाळ उतारावरून पावसाचें पाणी जेथें वाहत येतें, तेथें खालच्या बाजूस मातीचा लांब बांध घालावा. पाणी अडतें, जमिनींत मुरतें, आणि त्याबरोबर आलेला गाळ तळाशीं बसून खत होतो. पाणी ओसरलें कीं त्या ओलाव्यावर गहूं आणि हरभरा पेरावा. पुढें पाणी देण्याची जरूर पडत नाहीं. असे खडीन आजहि पिकत आहेत.

या पालीवालांचीं ८४ गांवें होतीं असें सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकांत तीं ओस पडलीं. नगरापासून सुमारें १८ किलोमीटरांवरील कुलधरा हें त्यांतील एक. सरळ रस्ते, दगडी जोतीं, बिनछपराच्या भिंती आणि एक देऊळ एवढें आज तेथें दिसतें. लोककथा अशी कीं सालिमसिंह नांवाच्या दिवाणानें गांवच्या मुखियाच्या कन्येवर वांकडी नजर टाकली, तेव्हां अब्रू राखण्यासाठीं चौऱ्यांशीं गांवें एका रात्रींत निघून गेलीं, आणि जातांना येथें कोणी पुन्हां वसूं नये असा शाप देऊन गेलीं. कर्नल टॉडनें राजस्थानच्या आपल्या इतिहासांत या दिवाणाच्या जुलमी वसुलीचें वर्णन केलें आहे. कांहीं संशोधक पाणी आटल्याचें कारण पुढें करतात, आणि अलीकडे कांहीं भूशास्त्रज्ञांनीं भूकंपाची शक्यताहि सुचविली आहे. एका रात्रींत गेले कीं एका पिढींत, हा वाद राहो. पण एवढें खरें कीं वाळवंटांतला शेतकरी करानें, आपत्तीनें किंवा अपमानानें एकदां उठला, तर त्याच्याबरोबर बांधांची निगा जाते, आणि निगा गेली कीं जमीन पुन्हां वाळू होते. शाप असलाच तर तो हाच.

नगराच्या गल्ल्यांत शिरलें कीं हाच हिशेब निराळ्या रूपानें भेटतो. गल्ल्या इतक्या अरुंद कीं दोन्ही बाजूंच्या उंच घरांची सांवली भर दुपारखेरीज सारा दिवस वाटेवर पडावी. रस्त्याच्या बाजूस मोठ्या खिडक्यांऐवजीं दगडांत कोरलेल्या जाळ्या आणि पुढें आलेले झरोके. त्यांच्या बारीक छिद्रांतून वारा आंत येतो आणि ऊन बाहेर थांबतें. दारांशेजारच्या भिंतींवर रंगीत गणपति काढलेले असतात, आणि त्यांखालीं वधूवरांचीं नांवें व लग्नाची तिथि. घरांत लग्न निघालें कीं दाराच्या बाजूला असा गणपति रंगवावा, तेंच साऱ्या गांवाला आमंत्रण, अशी येथील चाल. लग्न होऊन गेल्यावर तें चित्र कोणी पुसून टाकीत नाहीं. उन्हानें विटत विटत तें वर्षानुवर्षें राहतें, आणि गल्लींतून जाणाऱ्यास कोणत्या घरीं केव्हां सून आली याची जणूं वहीच वाचावयास मिळते. आपल्याकडे असें चित्र पहिल्याच पावसाळ्यांत वाहून जावयाचें.

स्वयंपाकघराचीहि तीच गोष्ट. भांडीं कोरड्या वाळूनें घांसावीं आणि पुसून घ्यावीं. बाजेवर बसून अंघोळ करावी आणि खालीं परातींत जमलेलें पाणी जनावरांस किंवा धुण्यास वापरावें, अशा रीती जुनीं माणसें सांगतात. तूप सांडलें तर एक वेळ सोसेल, पाणी सांडलें तर जीव जळतो, अशा अर्थाची एक म्हण तिकडे प्रसिद्ध आहे. हिरवी भाजी दुर्मिळ; म्हणून केर नांवाच्या काटेरी झुडपाचीं फळें आणि खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून ठेवावयाच्या आणि वर्षभर त्यांची भाजी करावयाची. दुष्काळांत जनावराला पाला आणि माणसाला शेंग देणारी ही खेजडी म्हणजे आपली शमी. महाराष्ट्रांत दसऱ्याच्या दिवशीं शमीची पूजा करतांना पांडवांचीं शस्त्रें आठवतात. थरमधील माणसास मात्र ती वर्षाचे सर्व दिवस पूज्य आहे, कारण तिनें त्याचें पोट संभाळलें आहे.

कुतूहलाच्या आणखी दोन वस्तु येथें सांगितल्या पाहिजेत. हाबूर गांवच्या परिसरांत एक पिवळसर तांबूस दगड निघतो. त्याच्या वाटींत दूध ठेवलें तर विरजणावांचून त्याचें दहीं होतें, असा लोकांचा समज आहे, आणि त्या वाट्या बाजारांत विकल्या जातात. त्या दगडाच्या अंगावर शंखशिंपल्यांच्या आकृति उमटलेल्या स्पष्ट दिसतात. नगरापासून १७ किलोमीटरांवर आकल येथें प्रचंड वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडले आहेत. त्यांचें वय सुमारें १८ कोटि वर्षें मानतात. म्हणजे जेथें आज घड्याघड्यानें पाणी मोजावें लागतें, तेथें एका काळीं घनदाट अरण्य होतें, आणि दुसऱ्या एका काळीं समुद्राच्या लाटा येत होत्या.

अशा या कोरड्या गांवीं संपत्ति आली कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. ती आली वाटेनें. सिंध आणि अफगाणिस्तान यांच्याकडून गुजरात व दिल्ली यांच्याकडे जाणारे उंटांचे तांडे येथें थांबत. रेशीम, अफू, सुका मेवा, तूप अशा मालाची देवघेव होई, आणि राज्यास जकात मिळे. पाणी आणि सांवली यांच्या बदल्यांत जगाचा व्यापार दाराशीं आला. त्या पैशांतून हवेल्या उठल्या. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्यानें १८०५ सालीं आरंभिलेला पांच हवेल्यांचा समूह पुरा होण्यास कित्येक दशकें लागलीं. १८८५ ची नथमल दिवाणाची हवेली तर हाथी आणि लालू या दोघां भावांनीं कोरली. एकानें डावी बाजू घेतली, दुसऱ्यानें उजवी. दुरून दोन्ही बाजू सारख्या भासतात, जवळ जाऊन पाहिलें तर नक्षींत एक वेल दुसऱ्यासारखी नाहीं.

परंतु जी संपत्ति वाटेनें येते ती वाटेनेंच जाते. १८१८ सालीं जैसलमेरचा इंग्रजांशीं तह झाला. त्याच शतकांत मुंबई बंदर वाढलें, पुढें आगगाड्या धांवूं लागल्या, आणि माल समुद्रानें व रुळांनीं जाऊं लागला; उंटांच्या वाटा पुसट झाल्या. व्यापारी घराणीं एकामागून एक बाहेर गेलीं. १९४७ सालीं देशाची फाळणी होऊन सिंधची सीमा बंद झाली, आणि उरलासुरला व्यवहारहि थांबला. १९४९ सालीं हें संस्थान राजस्थानांत विलीन झालें. आगगाडी येथें पोहोंचावयास १९६८ साल उजाडावें लागलें.

मुंबईनें जैसलमेरचा व्यापार नेला हें खरें. पण त्याच मुंबईच्या एका पंडितास जैसलमेरनें एक अमोल ठेवा दिला, आणि तो दक्षिणेच्या इतिहासाचा होता. किल्ल्यांतील जैन मंदिरांखालीं तळघरांत पंधराव्या शतकांत जिनभद्रसूरींच्या प्रेरणेनें एक ज्ञानभांडार स्थापन झालें. तेथें अकराव्या-बाराव्या शतकांपासूनचीं ताडपत्रांवरील हस्तलिखितें जपलीं गेलीं. गुजरातेंतील पाटण, खंबायत अशा ठिकाणचे कित्येक ग्रंथ स्वाऱ्यांच्या भयानें येथें आणले गेले असें मानतात. हवेंतील कोरडेपणामुळें ताडपत्रांस बुरशी व कीड यांचा उपसर्ग कमी, आणि वाळवंटामुळें शत्रूंचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत पूर्वीं प्राध्यापक असलेले जॉर्ज ब्यूलर हे १८७४ सालीं हर्मान याकोबी या तरुण जर्मन पंडितासह येथें आले. त्यांच्या हातीं एक ताडपत्राची पोथी लागली. ती बिल्हण कवीच्या ‘विक्रमाङ्कदेवचरित’ या काव्याची होती. त्या दोघांनीं तेथेंच बसून तिची नक्कल केली, आणि १८७५ सालीं तें काव्य मुंबईहून छापून निघालें. ज्या राजाचें हें चरित्र, तो कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. १०७६ ते ११२६ अशीं पन्नास वर्षें त्यानें राज्य केलें, आणि आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या सत्तेखालीं होता. काश्मिरांत जन्मलेल्या कवीनें लिहिलेलें दक्षिणेंतील राजाचें चरित्र दक्षिणेच्या पावसांत नव्हे तर थरच्या वाळवंटांत शाबूत राहिलें. पुढें १९५० च्या सुमारास मुनि पुण्यविजयजी यांनीं तेथें दीर्घ मुक्काम करून त्या सर्व भांडाराची व्यवस्था लावली.

स्वातंत्र्यानंतर या नगराचें नशीब पुन्हां फिरलें, आणि यावेळीं तें फिरविलें पाण्यानें आणि प्रवाशांनीं. पंजाबांतील नद्यांचें पाणी आणणारा जो कालवा पुढें इंदिरा गांधी कालवा म्हणून प्रसिद्ध झाला, त्याचें पाणी १९८७ सालीं जैसलमेर जिल्ह्यांत मोहनगढपर्यंत पोहोंचलें. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटानें बंगालच्या घराघरांत या किल्ल्याचें नांव नेलें, आणि पुढें देशोदेशींचे प्रवासी येऊं लागले. किल्ल्यांतील घरांच्या खाणावळी आणि निवास झाले. नळ आले, न्हाणीघरें आलीं, आणि ज्या घरांत दिवसास चार घडे लागत, तेथें पाणी दिवसभर वाहूं लागलें. म्हाताऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरचा घडा उतरला, ही गोष्ट आनंदाचीच होय. पाण्यासाठीं कोसभर चालण्यांत कांहीं काव्य आहे असें चालणाऱ्या बाईस कधींच वाटलें नसेल.

पण किल्ला कोरड्यासाठीं बांधलेला होता. त्याच्या बुरुजांखालची टेकडी भक्कम कातळाची नाहीं. वालुकाश्म आणि मऊ मातीचे थर एकमेकांवर रचलेले आहेत. सांडलेलें पाणी, फुटके नळ आणि गळकीं गटारें यांतून ओल त्या थरांत उतरूं लागली. माती फुगली, सरकली, आणि वरचे दगड हलले. चुन्यावांचून रचलेला दगड कोरड्या जमिनीवर शतकें उभा राहतो. भिजलेल्या जमिनीवर त्याचा इलाज चालत नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत कांहीं बुरूज ढांसळले, राणीच्या महालाचा भाग कोसळला व तो पुन्हां उभारावा लागला. २०१३ सालीं राजस्थानांतील इतर पांच डोंगरी किल्ल्यांबरोबर या किल्ल्याचें नांव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आलें. आणि २०२४ च्या ऑगस्टांतील पावसांत तटाच्या भिंतीचा कांहीं भाग पुन्हां पडला. वेढे सोसलेला किल्ला पाण्यापुढें हार खाऊं लागला आहे.

यावर कोणी सुचवितात कीं माणसांस किल्ल्याबाहेर काढावें आणि किल्ला तेवढा राखावा. परंतु माणसांवांचूनचा जैसलमेर म्हणजे दुसरें कुलधरा. तेथें छायाचित्रें मिळतील. भिंतीवरचा गणपति मिळणार नाहीं. शिवाय निगा करणारे हात गेले म्हणजे काय होतें, हें पालीवालांचीं गांवें दोनशें वर्षें सांगत आहेत. उपाय जुन्या हिशेबांतच शोधला पाहिजे. त्या लोकांस पाण्याच्या तीन गती ठाऊक होत्या. तळ्यांत तें सांठवावयाचें, खडिनांत तें मुरवावयाचें, आणि गडावर मात्र तें क्षणभरहि थांबूं द्यावयाचें नाहीं. यासाठीं किल्ल्यांतील पावसाचें पाणी चारी दिशांस बाहेर काढणाऱ्या दगडी नाल्या त्यांनीं बांधल्या होत्या. त्यांस तिकडे ‘घूट-नाली’ म्हणतात. पुढें त्यांतील कित्येक बुजल्या, कित्येकांवर बांधकामें झालीं. तीं मोकळीं करणें, गळकीं गटारें नीट करणें, आणि नळ आल्यावरहि घड्याची आठवण ठेवून पाणी वापरणें, हीं कामें एखाद्या बुरुजाच्या डागडुजीहून कमी दिखाऊ आहेत. पण बुरूज त्यांवरच उभा राहावयाचा आहे. पाणी थोडें असतांना कसें जगावें, हें त्या नगरास पूर्ण अवगत होतें. तें पुरेसें मिळाल्यावर कसें जगावें, हा धडा आतां तें शिकत आहे. आणि जेथें जेथें नळ नवा आला आहे, त्या प्रत्येक गांवास या धड्याची गरज आहे.